विरजण

रात्री अकराला ब्लोअर बंद करायचा आणि पहाटे पाचला सुरू करायचा, हा आदेश एसटीपीवर, म्हणजे गावाच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर, आला तो तोंडी. कागद नाही, जावक क्रमांक नाही. ठेकेदाराचा सुपरवायझर मोटारसायकलवरून आला, गाडी चालूच ठेवून केमिस्ट बाईंना म्हणाला, "बिल फार येतंय. वरून निरोप आहे. परतीच्या गाळाचा पंपही त्याच वेळात बंद ठेवा. आणि लॉगबुकात चोवीस तासच लिहा." एवढं बोलून तो वळला आणि गेला.

गाव अडतीस हजार वस्तीचं. तालुक्याचं ठिकाण, क वर्ग नगरपरिषद. नदीकडे जाताना आधी बाजार लागतो, मग कत्तलखाना, मग स्मशान आणि सगळ्यात शेवटी हा प्लँट. जुनी माणसं त्या जागेला अजून मैलाखड्डा म्हणतात. गावातून रोज साधारण चाळीस लाख लिटर सांडपाणी इथे येतं. मोरीचं, न्हाणीचं, संडासाचं, खानावळींचं, दवाखान्यांचं, सगळं एका पाइपातून येतं. ते कुठे जातं, हे गावात शंभरातल्या पाच जणांनाही सांगता येणार नाही. यात मी गावाला दोष देत नाही. घरातली घाण डोळ्यांआड गेली की ती संपली, असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं.

प्लँटवर माणसं चार. त्यांत बाई बीएस्सी केमिस्ट्री झालेल्या, ठेकेदाराकडे कामाला, वय पंचवीस. आणि तात्या. तात्या नगरपरिषदेचे कायम कामगार, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. सगळी उमर गटारं उपसण्यात गेली. पूर्वी कमरेला दोर बांधून चेंबरमध्ये उतरायचे. त्यांचा धाकटा भाऊही उतरायचा. एका दुपारी तो उतरला आणि वर आला नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी करणारा आजचा कायदा २०१३ चा. तात्यांच्या भावाला त्याचा काही उपयोग झाला नाही. तो १९८९ साली गेला.

प्लँट सुरू झाला तेव्हा तात्या तिथेच होते. फीत कापली गेली, पाहुणे पेढे खाऊन गेले, यंत्रं नवीकोरी होती, आणि तरी पाणी काही साफ होईना. टाकीत नुसतं सांडपाणी आणि त्यात बुडबुडे. उभारणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, अजून जिवाणू नाहीत, ते आधी वाढायला हवेत. मग चार ट्रॉल्या शेण आलं, पाण्यात कालवून टाकीत गेलं, वर गूळ गेला. शेवटी जिल्ह्याच्या गावच्या जुन्या प्लँटवरून दोन टँकर तपकिरी गाळ आला. तो टाकीत सोडताना तात्या बघत उभे होते. इंजिनिअर त्यांना इंग्रजीत काहीबाही समजावत होता. तात्यांनी त्याला थांबवलं.

"म्हंजी विरजण की."

इंजिनिअरला क्षणभर कळलं नाही. मग तो म्हणाला, "हो. अगदी तेच."

आणि खरोखर तेच आहे. सांडपाण्यात शंभरात नव्याण्णव भागांहून जास्त नुसतं पाणीच असतं. जी घाण असते ती थोडी, पण त्या थोडक्या घाणीनं नदी सडते. ती घाण खाणारे जिवाणू टाकीत सांभाळायचे, त्यांना खालून ब्लोअरनं हवा द्यायची. ते खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. पुढच्या संथ टाकीत ते पुंजके तळाला बसतात आणि वर नितळ पाणी उरतं. तळाचा गाळ फेकून द्यायचा नाही. त्यातला बराचसा पंपानं पुन्हा पहिल्या टाकीत आणायचा, वाढीव तेवढा काढून वाळवायचा. घरात दही लावणाऱ्या कुठल्याही बाईला हे एका वाक्यात समजतं. दही खा, वाढा, वाटा, पण उद्याच्या दुधाला चमचाभर ठेवा.

हे सापडलं ते असंच. मँचेस्टरजवळच्या डेव्हीहल्मच्या सांडपाणी केंद्रावर आर्डर्न आणि लॉकेट नावाचे दोघे रसायनतज्ज्ञ बाटलीत सांडपाणी घेऊन त्यात हवा फुंकत राहिले. पहिल्या वेळी पाणी पुरतं साफ व्हायला पाच आठवडे लागले. दुसऱ्या कुणी बाटली धुऊन ठेवली असती. त्यांनी वरचं साफ पाणी ओतलं, तळाचा गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी घातलं. पुन्हा तेच, पुन्हा तेच. गाळ जसा मुरत गेला तसं पाच आठवड्यांचं काम एका दिवसाच्या आत होऊ लागलं. एप्रिल १९१४ मध्ये त्यांनी आपला निबंध वाचला. जगभरातली शहरं आज बहुतांशी त्याच रीतीनं आपलं सांडपाणी धुतात. ज्यांच्या सांगण्यावरून हे प्रयोग झाले ते गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. बाईंना हे सगळं अभ्यासात होतं. तात्यांना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि तरी दोघांना एकच गोष्ट कळली होती.

रोज सकाळी साडेसहाला जार भरायचा, ही प्लँटवरची पूजाच. हवेच्या टाकीतलं पाणी एक लिटरच्या काचेच्या जारात घ्यायचं, कट्ट्यावर ठेवायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. चांगला दिवस असला की पाच मिनिटांत वरून पाणी सुटायला लागतं, तपकिरी पुंजके कापसासारखे खाली उतरतात आणि अर्ध्या तासानं जारात तीनशेच्या रेघेच्या आसपास गाळ आणि वर नितळ पाणी असतं. त्या पाण्यातून तात्या पलीकडची आपली बोटं मोजायचे. पाच दिसली की म्हणायचे, "लागलं बघा दही."

एकदा बाईंनी त्यांना सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. तात्या आधी नको म्हणाले, डोळा लावल्यावर मात्र हलेचनात. काचेवर घंटेच्या आकाराचे इवले जीव होते, प्रत्येकाला बारीक देठ, जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आखडायचा आणि पुन्हा हळूच उलगडायचा. "हे दिसले की समजायचं, घर नीट चाललंय," बाई म्हणाल्या. "यांना हवा लागते. हवा गेली की सगळ्यांत आधी हे जातात." तात्यांनी बऱ्याच वेळानं डोळा काढला. म्हणाले, "आमी इतकी वर्सं घाण उपसली. तिच्यात असलं कोण ऱ्हातंय, कुणी सांगितलंच न्हाई."

त्याच वर्षी वीस किलोमीटरवरच्या एका लहान गावाचा प्लँट सुरू व्हायचा होता. तिथला ऑपरेटर एक दिवस आला, संकोचून उभा राहिला. त्यांच्या टाकीत काही धरत नव्हतं. थोडा गाळ मिळेल का, असं त्यानं विचारलं. तात्यांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी मान हलवली. नाहीतरी वाढीव गाळ रोज काढून वाळवायचाच असतो. नगरपरिषदेचा टँकर दोन दिवस चार खेपा करून आला. महिनाअखेरीला डिझेलचा हिशेब लागला तेव्हा कार्यालयातून विचारणा झाली की, दुसऱ्या गावाच्या घाणीसाठी आपलं डिझेल का? तात्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर बाईंना म्हणाले, "विरजण मागायला आलेल्याला आमची आई कधी रिकाम्या वाटीनं धाडायची न्हाई."

आता त्या आदेशाविषयी. मुख्याधिकारी वाईट माणूस नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टींत एक वाईट माणूस शोधला की वाचणाऱ्याला मोकळं वाटतं, आणि खरं कारण तसंच राहून जातं. नगरपरिषदेवर पथदिव्यांची थकबाकी होती, पाणीपुरवठ्याच्या पंपांची थकबाकी होती, कंत्राटी कामगारांचे दोन पगार अडले होते. दिवे बंद केले तर दुसऱ्या दिवशी मोर्चा, नळाला पाणी एक दिवस उशिरा आलं तर त्याच दिवशी मोर्चा. एसटीपीचा ब्लोअर पन्नास अश्वशक्तीचा. प्लँटच्या विजेतला निम्म्याहून जास्त भाग एकटा तोच खातो. रात्री सहा तास तो थांबला तर महिन्याला पन्नास हजारांच्या वर वाचणार होते, आणि तो थांबलेला कुणालाही दिसणार नव्हता. म्हणून तो थांबला.

हे एकाच गावात होतं असं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालात देशातल्या शहरांचा हिशेब आहे. रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं, ३१,८४१ दशलक्ष लिटर साफ करतील एवढी केंद्रं उभी आहेत, आणि प्रत्यक्षात साफ होतं २०,२३६ दशलक्ष लिटर. जे बांधलंच नाही त्याची चर्चा होते, आणि व्हायलाच हवी. पण बांधलेलं आणि चाललेलं यांच्यातलं जे अंतर आहे, ते अशाच तोंडी निरोपांनीही वाढत असतं.

पहिल्या रात्री ब्लोअर थांबला तेव्हा तात्या पाळीवर होते. ती घरघर इतकी वर्षं कानात होती की ती थांबल्यावर त्यांना दचकून जाग यावी तसं झालं. टाकीवरचे बुडबुडे विरत गेले आणि पाणी सपाट झालं. बॅटरीच्या उजेडात ते कितीतरी वेळ बघत राहिले. पहाटे पाचला त्यांनीच खटका वर केला.

बाईंनी सकाळी लॉगबुक उघडलं. "ब्लोअर चालू: २४ तास" असं लिहिलं आणि सही केली. ठेकेदारानं दोन वर्षांत त्यांच्याविषयी वाईट शब्द काढला नव्हता, पण चांगला शब्द काढायचं कारणही त्याच्याकडे नव्हतं. घरी वडील अंथरुणावर होते. त्यांनी रोज सही केली. एक आठवडा, दोन आठवडे.

दरम्यान अकराचे दहा झाले, मग नऊ. एकदा वाचलेल्या पैशांची चटक लागली की थांबायचं कुठे ते कळत नाही.

नुकसान रात्री झालं, पण दिसलं सकाळी. रात्री परतीचा पंप बंद, म्हणजे संथ टाकीच्या तळाशी बसलेले जिवाणू तिथेच अडकून पडायचे. हवा नाही, म्हणून तिथेच कुजायचे. कुजताना वायू सुटायचा, वायूच्या बुडबुड्यांबरोबर गाळाचे काळे पोपडे वर तरंगायचे. आणि मग पहाटे गाव उठायचं. सहा ते नऊ या वेळात अख्खं गाव अंघोळ करतं, कपडे धुतं, संडासला जातं. सांडपाण्याचा मोठा लोंढा याच वेळी येतो. तो लोंढा ते तरंगणारे पोपडे टाकीच्या काठावरून उचलून ओढ्यात न्यायचा आणि ओढा नदीत. रोज थोडं थोडं विरजण वाहून चाललं होतं. तिसऱ्या आठवड्यात जारातला गाळ साठच्या रेघेवर आला, आणि वरचं पाणी ताकासारखं गढूळ. सूक्ष्मदर्शकाखाली बाईंना घंटा दिसली नाही. एकही नाही.

त्या सकाळी तात्या फाटकातून आत आले आणि जागच्या जागी उभे राहिले. हवेत सडक्या अंड्यांचा वास होता. त्यांनी धोतराचा सोगा नाकाला लावला नाही. ते म्हणाले, "ह्यो वास मला ठाऊक हाय."

सांडपाणी हवेवाचून कुजलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असला की वास येतो. फार झाला की नाकच बधिर होतं, वास यायचा थांबतो, आणि आत उतरलेल्या माणसाला वाटतं हवा साफ झाली. तात्यांचा भाऊ उतरायच्या आधी हेच म्हणाला होता, "आता वास कमी झालाय दादा, जातो मी." उघड्या टाकीपाशी कुणाचा जीव जाण्याची भीती नव्हती. पण तात्यांच्या अंगावर काटा आला होता.

ते सरळ खोलीत गेले. बाई लॉगबुक पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. तात्यांना वाचता येत नव्हतं.

"पोरी, काय लिवलंय त्यात? वाचून दाव जरा."

"काय वाचू तात्या, रोजचंच."

"तेच वाच. मागच्या वीस दिवसांचं."

बाईंनी पान उलटलं. पहिली ओळ वाचली. "ब्लोअर चालू, चोवीस तास." दुसरी वाचली. तिसरी वाचताना आवाज बसला. तात्या मध्ये एक शब्द बोलले नाहीत. विसाव्या ओळीपर्यंत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग साधेपणानं विचारलं, जसं एखादा खरोखरच न कळल्यावर विचारतो:

"चोवीस तास हवा होती, तर मग विरजण मेलं कशानं?"

बाई काही बोलल्या नाहीत. तात्या बाहेर गेले आणि जाळीत अडकलेला कचरा ओढू लागले. रोजचं काम.

त्याच दिवशी दुपारी नदीच्या खालच्या अंगाच्या गावातून चार बाया आणि ग्रामपंचायतीचा एक सदस्य आला. त्यांच्या नळयोजनेची जॅकवेल ओढ्याच्या संगमाखाली दीड किलोमीटरवर होती. एका बाईनं डोक्यावरची कळशी खाली ठेवली. पाण्याला पिवळट झाक होती आणि वास होता. "तुरटी फिरवली, मेडिक्लोर टाकलं, तरी ह्यो वास जात न्हाई," ती म्हणाली. "लेकरांना काय पाजायचं, तुमीच सांगा." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं अवघड गेलं.

बाईंना सिमला आठवलं. २०१५-१६ च्या हिवाळ्यात तिथे काविळीची मोठी साथ आली होती. मल्याणाच्या प्लँटमधून नीट साफ न झालेलं पाणी अश्वनी खड्डात उतरत होतं, आणि त्याच ओहोळाचं पाणी शहराला पाजलं जात होतं. अभ्यासात हे एका परिच्छेदात उरकलं होतं. त्या बायांसमोर उभं असताना ते एका परिच्छेदाचं राहिलं नाही.

संध्याकाळी त्यांनी लॉगबुकात नवी ओळ लिहिली. "ब्लोअर बंद: रात्री ९ ते पहाटे ५. परतीचा पंप बंद: तीच वेळ." त्याखाली तारीख टाकून आणखी एक ओळ: "मागील वीस दिवसांच्या नोंदी चुकीच्या आहेत. ब्लोअर रोज रात्री बंद होता. नोंदी मी केल्या आहेत." सही केली. पानाचा फोटो काढला आणि मुख्याधिकाऱ्यांना पाठवला. सोबत लिहिलं, "सर, उद्या सकाळी साडेसहाला एकदा प्लँटवर यावे ही विनंती. फक्त अर्धा तास."

रात्री ठेकेदाराचा फोन आला. काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सकाळी साहेबांची गाडी आली. चेहऱ्यावर झोप अपुरी झाल्याची खूण होती आणि हातात वीजबिलांची फाइल, म्हणजे ते भांडायच्या तयारीनं आले होते. बाईंनी जार भरून कट्ट्यावर ठेवला.

"याचं काय?"

"अर्धा तास थांबायचं, सर."

"आधी बोलून घेऊ."

"तो बोलेल, सर."

साहेब खुर्चीवर बसले. पाच मिनिटं गेली. जारात काही हललं नाही. दहा मिनिटं गेली. फोन वाजला, त्यांनी कापला. तात्यांनी चहा आणला आणि स्वतः उकिडवे बसले. पंधराव्या मिनिटाला साहेब उठून टाकीपर्यंत गेले, काळे पोपडे बघितले, नाकाला रुमाल लावून परत आले. विसाव्या मिनिटाला त्यांनी फाइल मिटून बाजूला ठेवली. अर्ध्या तासानं जारात तळाशी बोटभर काळा थर होता आणि वर सगळं धूसर.

तात्यांनी जारापलीकडे हात धरला. "साहेब, किती बोटं हायत?"

साहेबांनी वाकून बघितलं. "दिसत नाहीत."

"चांगल्या दिवशी पाच दिसत्यात."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग साहेब म्हणाले, "तात्या, बिल भरायला पैसे नव्हते हो. खरंच नव्हते."

"व्हय साहेब. आमच्या घरीबी कदी दूध नसायचं. आई दोन दिस दही लावायची न्हाई. पण विरजणाची वाटी ती धुवायची न्हाई."

हरित लवादानं २०१९ मध्ये सांडपाणी केंद्रांसाठी बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला लागणाऱ्या प्राणवायूची, मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम सांगितली, हे साहेबांना माहीत होतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आली तर दंड किती बसेल, तेही माहीत होतं. पण त्या सकाळी त्यांनी दंडाचं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "आता ब्लोअर सुरू केला तर किती दिवसांत होईल?"

"नुसत्या हवेनं नाही होणार, सर," बाई म्हणाल्या. "जे वाढायचं तेच वाहून गेलंय. शेण घालून पुन्हा उभं करता येईल, पण पाच आठवडे धरा. तोवर खालचं गाव हेच पाणी पिणार."

"दुसरा उपाय?"

बाईंनी तात्यांकडे बघितलं. तात्या उठले, खांद्यावरचा टॉवेल झटकला. "इच्यारून बगतो," म्हणाले.

वीस किलोमीटरवरच्या त्या लहान गावचा प्लँट नीट चालला होता. त्यांनी आता गाळ उपसायचा टँकरही घेतला होता. साताऱ्यातल्या वाईनं आणि नाशकातल्या सिन्नरनं २०१८ च्या सुमारास घरोघरच्या शौचालयांच्या टाक्या तक्रारीची वाट न बघता, ठरलेल्या पाळीनं, तीन वर्षांतून एकदा उपसायला घेतल्या. ते पाहून या गावानंही तशी पाळी सुरू केली होती. तात्या एसटीनं तिथे पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. तो ऑपरेटर, पूर्वी संकोचून उभा राहिलेला, धावत फाटकापाशी आला. तात्यांनी काय झालं ते सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही.

तो म्हणाला, "तात्या, दिवे लागल्यावर विरजण देऊ नये म्हणतात."

तात्यांचा चेहरा उतरला. तो पटकन पुढे झाला, त्यांचा हात धरला. "पण हे तुमचंच हाय. तुमचं तुमाला न्यायला येळ कसली?" आणि त्यानं टँकरवाल्याला हाक मारली.

त्याच रात्री पाच हजार लिटरचा पहिला टँकर आला. पुढे सहा दिवस, दिवसाला दोन खेपा. यावेळी डिझेलची मंजुरी आधी आली आणि ती लेखी होती. खालच्या गावाला तोवर नगरपरिषदेनं रोज पिण्याच्या पाण्याचा टँकर पाठवला, तोही मुख्याधिकाऱ्यांच्या सहीनं. त्या सहीमागचे पैसे कुठल्या लेखाशीर्षातून काढले, यावरून पुढे सभेत बराच आवाज झाला. पथदिव्यांपैकी बाजाराबाहेरचे दिवे मध्यरात्रीनंतर एकाआड एक लावायचं ठरलं. मोर्चा निघाला, पण लहान. साहेब मोर्च्यासमोर आले आणि म्हणाले, उद्या सकाळी साडेसहाला ज्यांना जमेल त्यांनी एसटीपीवर या. सात जण आले. त्यांतल्या दोघी शाळेतल्या मास्तरणी होत्या. पुढच्या आठवड्यात त्या सातवीचा वर्ग घेऊन आल्या.

बाईंच्या पगारातून ठेकेदारानं त्या महिन्यात दंड कापला. चुकीच्या नोंदी केल्याबद्दल. तो त्यांनी मुकाट भरला. म्हणाल्या, "नोंदी मीच केल्या होत्या."

चौथ्या दिवशी जारातला गाळ काळ्याचा तपकिरी झाला. नवव्या दिवशी पुंजके धरू लागले. बाराव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली एक घंटा दिसली, देठ आखडणारी, उलगडणारी. बाईंनी आरडाओरडा केला नाही. तात्यांना बोलावलं, त्यांना डोळा लावायला सांगितलं आणि शेजारी उभ्या राहिल्या. तात्या बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आली म्हणायची घरची माणसं."

सतराव्या दिवशी जारापलीकडे बोटं दिसली. पाचही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एका रात्री तारेवर झाड पडलं. जनरेटर चालू करायला गेले तर बॅटरी उतरलेली. चाळीस मिनिटं ब्लोअर थांबला आणि मग सुरू झाला. कुणाला कळलं नसतं. सकाळी जारही नेहमीसारखाच बसला. त्या दिवसाचं लॉगबुकाचं पान अजून तिथे आहे, कुणीही मागितलं तर दाखवतात. त्यावर बाईंच्या अक्षरात लिहिलंय: "वीजपुरवठा खंडित, रात्री २.१० ते २.५०. जनरेटर सुरू झाला नाही. ब्लोअर बंद ४० मिनिटे." खाली त्यांची सही. आणि सहीखाली हिरव्या शाईत मुख्याधिकाऱ्यांची सही, तारखेसह, आणि तिच्या वर एक शब्द: "पाहिले."